लाइलचं ‘वॉश अप’

माझी मोठी बहीण डोरीन अजून एकवीसची झाली नव्हती, त्यामुळे घरच्यांच्या होकाराशिवाय तिला लाइलशी लग्न करता येईना. आणि आमच्या घरी होकार म्हणजे आईचा होकार. बाबा नुसते सही करायचे.

लाइल नेब्रास्काचा. युद्धात आमच्या लँकशायरच्या छावणीत आलेला अमेरिकन शिपाई. “यांकी म्हणजे च्युइंगम आणि थापा,” आई म्हणायची. तरी एका रविवारी तिने त्याला चहाला बोलावलं आणि सणासाठी जपलेला सॅमन माशाचा डबा फोडला. तो वास अजून आठवतो मला.

वाटेत डोरीनच्या सायकलची साखळी निसटली होती, ती बसवूनच लाइल आला आणि हात मागे धरून अवघडून उभा राहिला.

“मॅम, बसण्याआधी जरा वॉश अप केलं तर चालेल का?”

आईचा किटलीवरचा हात थांबला. आमच्याकडे वॉश अप म्हणजे भांडी घासणं. आमच्या गल्लीत कुठल्या पुरुषाने ती घासल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

“अहो, पाहुणे आहात तुम्ही.”

“पण आमची आई त्याशिवाय टेबलाशी बसूच देत नाही, मॅम. आम्ही पाचही भाऊ रांग लावतो.”

“पाचही?” आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पेपर वर धरला.

आई त्याला मोरीशी घेऊन गेली. तिथे दुपारच्या ताटांचा ढीग होता, रोस्टचं चिकट भांडंही. लाइल क्षणभर घुटमळला. मग इकडची रीतच असेल असं समजून त्याने बाह्या सरसावल्या. भांडीही स्वच्छ निघाली आणि हातही.

“मुलाला वळण आहे,” आई म्हणाली. जूनमध्ये लग्न झालं.

तेव्हापासून दर रविवारी भांडी बाबांकडे येऊ लागली. डोरीन बोटीने अमेरिकेला गेल्यानंतर एकदा मी त्यांच्याशेजारी भांडी पुसत होते, तेव्हा ते हळूच म्हणाले, “अमेरिकनांत वॉश अप म्हणजे हात-तोंड धुणं. मागच्या महायुद्धात फ्रान्समध्ये त्यांची पलटण शेजारीच होती आमच्या.”

“म्हणजे त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं?”

“साखळीच्या वंगणाने काळे झालेले त्याचे हातही दिसले होते.”

“मग बोलला का नाहीत?”

“डोरीनचा चेहरा बघितला असतास, तर तूही बोलली नसतीस.”

“आता सांगा की. ती तर गेली.”

“आता सांगितलं तर तुझी आई मला एक वेळ माफ करेल, पोरी. लाइलला जन्मात करणार नाही.”

“काय कुजबुज चाललीय?” आतून आई ओरडली. “लाइल असता तर एव्हाना फडकंसुद्धा वाळत पडलं असतं.”

बाबांनी फडकं पिळलं.