ज्वारी खाणारी गाठ

सुरी न लावता, भूल न देता कॅन्सरची गाठ नुसत्या हाताने उपटून काढण्याची विद्या जगात प्रथम सायखेड्यात अवतरली. जगाला हे कळलं नाही, कारण गावात उतरलेल्या महाराजांचा लाउडस्पीकर वेशीपर्यंतच ऐकू जायचा.

पाटावर माझी आत्या, अक्काबाई. वय ऐंशीला टेकलेलं. एरवी तिच्या ओट्याकडे न फिरकणारा गाव भोवती लोटलेला. आयाबायांनी तिच्या खांद्या-छातीला हळद चोळली. महाराजांनी तीर्थात हात बुडवले.

"निघतीस का नाय? सोड म्हातारीला!" ते गाठीवर खेकसले.

गाठ विचारात पडली असावी. मग हात फिरला, रक्त ओघळलं आणि मुठीतून एक गोळा बाहेर आला.

"आता पुनवंपर्यंत आंघोळ नाय!"

आत्याचा मुलगा मल्हारी नाशिकला, अंबडच्या कारखान्यात कामाला; महाराजांसाठी सुट्टी काढून आलेला. त्याने गोळा बरणीत ठेवून त्यावर फूल वाहिलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "दादा, त्या डॉक्टरीणबाई ऑपरेशन म्हणत व्हत्या ना? चल, जिरवू त्यांची."

नाशिकच्या दवाखान्यात मात्र आम्ही तिघंच.

डॉक्टर मालिनीबाईंनी गाठ तपासली. होती तिथेच होती. मग बरणीतला गोळा चिरला. आत ज्वारीचे दाणे.

"मल्हारराव, ही कोंबडीच्या पोटातली पिशवी. कॅन्सर ज्वारी खात नाही."

आत्याच्या पानाच्या चंचीतला चुना त्यांनी ओला करून तिच्या खांद्यावरच्या हळदीला लावला. लालभडक.

"हे रक्त. आणि तीर्थ म्हणजे चुन्याची निवळी."

मल्हारीचा चेहरा पडला. "मग आजच कापा! तिला काय सांगू नका."

"हृदय थकलंय. भूल झेपेलच असं नाही. गोळ्यांनी गाठ आवरेल, जाईलच असंही नाही. अक्काबाई, तुम्हाला काय हवंय?"

कोणाला विचारतायत म्हणून आत्याने मागे वळून पाहिलं.

"गोळ्या द्या. न्हाणीपातुर आपल्या पायानं जाता आलं पायजे." मग म्हणाली, "म्हाराज गेल्यावरबी गाठ तर हाताला लागतच व्हती."

"मग बोललीस का नाय, आई?"

"समदे घरात बसले व्हते. बोलले आस्ते तर उठून गेले आस्ते. तूबी."

वाचकहो, हळद आणि चुना घरी कालवून पाहा. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून पाहा, तुला काय हवंय. पहिला प्रयोग सोपा आहे.

आत्याच्या गोळ्या सुरू झाल्या. मल्हारी सोमवारी पहिल्या पाळीला कामावर गेला.