विसाव्यापर्यंत

आई गेल्याचा फोन सकाळी आला. दादा एवढंच म्हणला, "संजू, तू तोंड बघितल्याशिवाय आईला उचलत न्हाय. पण लवकर ये. भावकी लई वेळ थांबायची न्हाय."

आमच्या कन्हेरीवरनं माझं माहेर, वरकुटं, काय फार लांब न्हाय. पण गाडी आमच्या ह्यांची! दिग्विजयरावांची जुनी मारुती. तिला मिस्त्रीचा हात लागू देत न्हाईत. काय बी बिघडलं की, "माझी गाडी मलाच कळती," म्हणायचं अन् बॉनेट उघडून बसायचं.

लासुर्ण्याच्या पुढं गाडीनं आचका दिला अन् गपकन बंद पडली. ह्यांनी प्लग काढले, पुसले, फुंकले, परत बसवले. चावी मारली, झाली की सुरू! "बघितलंस? प्लगच होता." तेवढ्यात दादाचा फोन, गाडी पाठवू का म्हणून. माझ्या हातातनं फोन घेऊन हेच म्हणले, "नगं नगं, आलोच आमी."

आलोच म्हणं! निमगावच्या अलीकडं परत तेच. आता कॉईल तापली. तिच्यावर ओला टॉवेल टाकून हे उभे. मी रस्त्याच्या कडंला येईल त्या गाडीला हात करतीया. लांबनं एसटी येताना दिसली, मी पिशवी उचलली, अन् त्याच टायमाला ही भवानी सुरू झाली. हे म्हणले, "आत बस," मी गाडीत बसले. एसटी गेली निघून. देवा, म्हणलं, आज आईचं तोंड तेवढं बघू दे, मग ह्या गाडीचं काय करायचं ते मी बघते.

वरकुट्याच्या आतल्या रस्त्याला लागलो अन् तिसऱ्यांदा बंद. दोन्ही अंगाला ऊस, चिटपाखरू न्हाय. अन् दादाचा फोन. मागं रडारड, टाळ. "संजू, उचलायला लागलेत गं. भावकीतले गेणबातात्या ऐकंनात. म्हणत्यात, दिवस कलला. मी काय करू?"

"दादा, थांबव," एवढंच बोलले.

आमचे हे प्लगचा पाना घेऊन परत वाकलेले. मग मात्र माझं डोकं फिरलं. "व्हा बाजूला! प्लग पुसला तरी सुरू, टॉवेल टाकला तरी सुरू. म्हंजी तुमच्या करण्यानं काय बी होत न्हाय. उभी ऱ्हाऊन गार झाली की ती आपली आपण सुरू होतीया. तापल्यावर काय अडतंय ते बघा!"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"न्हाय कळत. पेट्रोल येतंय का, तेवढं दावा मला."

ह्यांनी कार्बोरेटरची नळी ओढून काढली, मी चावी मारली. इंजिन नुसतंच घरघरलं. नळीतनं एक थेंब न्हाय! अन् टाकी तर निम्मी भरलेली. मग मी टाकीकडनं येणारी नळी बोटांनी चाचपत गेले. पंपाच्या अलीकडं चटका बसला. तिथं एक काळी नळी तापलेल्या इंजिनाला टेकून पार चपटी झालेली, शिजल्या भेंडीगत मऊ.

ती मी लगेच वळखली. डाळिंबाला ठिबक जोडताना तीच तर माझ्या हातात असती. उन्हात मऊ पडली की जोडावर कोचून बसवायला सोपी जाती, म्हणून आमी ती मुद्दाम उन्हात टाकतो.

"अहो, ही ठिबकची नळी! इंजिनाला?"

"रबरी फाटली होती," हे खाली बघत म्हणले. "मापात बसली. दिसायला बी काळीच..."

असला संताप आला! आमच्या घरात सगळ्या दुखण्याला ठिबकचं सामान. कुंपण बांधा, दावं करा, कपडे वाळत घाला, घे नळी. पण गाडीला? ती तापून मऊ पडायची, पंप पेट्रोल वढाया लागला की चिकटायची. गार झाली की पुन्हा उघडायची. अन् आमी प्लग पुसत बसलोय.

"दुसरी रबरी नळी कुठं हाय?"

"काचंवर पाणी उडवायची हाय, पण..."

"कापा."

"अगं, वायपरचं पाणी..."

"कापा म्हणते ना!"

कापली. भोक जरा बारीक होतं. थुंकी लावून, पिळून पिळून बसवली, वरनं तार आवळली, कार्बोरेटरची नळी परत जाग्यावर लावली. पेट्रोल माझ्या हातावर, साडीवर. चावी मारली, न्हाय. परत मारली, न्हाय. नळीतली हवा निघाली असंल, तिसऱ्या टायमाला इंजिन खाकरलं अन् लागलं.

"आता काय बी झालं तरी चावीला हात लावायचा न्हाय," मी ह्यांना दरडावलं. हे गाडी हाणत ऱ्हायले.

गावाबाहेर ओढ्यापाशी विसावा हाय. स्मशानात नेताना तिथं तिरडी घडीभर खाली टेकवत्यात, खांदेकरी बदलत्यात अन् उचलत्यात. आमी पोचलो तर तिरडी खालीच, सगळी माणसं खोळंबलेली. अन् माझा दादा, कुंडलिक, तिरडीच्या म्होरं रस्त्यातच मांडी घालून बसलेला. "माझी भन येस्तवर उठत न्हाय," म्हणून. गेणबातात्या तोंड फिरवून उभे होते.

मी पळत गेले. दादानं आईच्या तोंडावरचं कापड सारलं. एवढंसं झालं होतं आईचं तोंड. "आई गं, आले बघ," म्हणत मी गालावरनं हात फिरवला अन् पेट्रोलचा वास आला. पदरानं तिचा गाल पुसाया लागले तर दादानं माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे," म्हणला.

मग उचललं. एका बाजूला ह्यांनी खांदा दिला. आमच्याकडं बायका पुढं जात न्हाईत. वळणाआड जाईपर्यंत मी बघत ऱ्हायले.

मागं गाडीचं दार तसंच उघडं होतं अन् इंजिन चालूच होतं. मी आत हात घालून चावी फिरवली. आता मला कुठं येळेत पोचायचं न्हवतं.