खुशालीच्या पुढचं

तानाबाईनं शेवटची भाकर तव्यावरून उतरवली, हाताचं पीठ झटकलं आणि मोबाईल उचलला. समोर जानराव मांडी घालून तयारच होते. लेकीला निरोप धाडायचा म्हटला की ते असे बसत, ग्रामसभेत ठराव मांडायचा असल्यासारखे.

"लिही. सप्रेम जयभीम. पत्र लिहिण्यास कारण की, आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत."

"पुढचं सांगा. एवढं मले पाठ झालं."

"तुझी खुशाली कळवावी. गाय व्याली. कालवड झाली. बस, खाली माहं नाव टाक."

तानाबाईनं टाकलं. मग अंगठा थांबला नाही. नावाच्या खाली तिनं आणखी एक ओळ चढवली आणि जानरावांचं लक्ष भाकरीकडे वळलंय हे पाहून हळूच बटण दाबलं.

त्यांची धम्मशीला मालवाहू जहाजावर विजेचं काम सांभाळत होती. भर समुद्रात फोन कुठला लागायला! जहाजावरून फक्त ईमेल जाई आणि धाड गावातल्या या घरात होता बटणांचा मोबाईल. तानाबाईच्या बहिणीचा मुलगा प्रसेनजित याचं चिखलीत कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्यानं काय जुळवाजुळव केली कोण जाणे, पण लेकीचा ईमेल मोबाईलवर मेसेज होऊन येई आणि त्याच नंबरावर लिहिलेलं उत्तर ईमेल होऊन समुद्रात जाई. जानरावांच्या बोटांना कुदळीच्या दांड्याची सवय झालेली, एक बटण दाबायला गेले की तीन दाबली जात. म्हणून टायपायचं काम तानाबाईकडे आलं. अंगणवाडीत तिनं मोबाईलवर माहिती भरण्यात बरीच वर्षं काढली होती.

अडचण एकच होती. तानाबाईचा लेकीशी अबोला होता.

पाहुणे बघायला यायच्या आदल्या दिवशी पोरगी बॅग उचलून जहाजावर रुजू व्हायला निघून गेली. चिवडा-लाडू तयार, आणि नवरीचा पत्ता नाही. सगळ्या भावकीत शोभा झाली. त्या दिवशी तानाबाईनं दारातच सांगून टाकलं होतं, "जाऊन राह्यली ना? जा. माह्याशी बोलू नको." आणि बाई शब्दाची पक्की. मोडेन पण वाकणार नाही, हा माहेरचाच गुण.

पण आईचा जीव आहे. तो काय शब्दाला विचारून राहतो? म्हणून जानरावांच्या नावाखाली ती आपलं एकेक सरकवून देई. 'थंडीत कानाले बांधजो.' 'तुह्या खोलीत कोणाले झोपू देत नाई.' एकदा तर 'रागात बोलली मी' असंही लिहून गेली. लेकीचं उत्तर यायचं ते मात्र एवढंच: 'बाबा, मी पण खुशाल.' कानाचं नाही, खोलीचं नाही, रागाचं तर नाहीच. तानाबाई मनातल्या मनात चरफडे, पण बोलणार कोणाजवळ?

कालवडीच्या निरोपाचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. तानाबाईनं नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचायला घेतलं.

"'बाबा, पुढच्या महिन्यात सुट्टी आहे. तुम्ही फक्त खुशाल आहोत एवढंच लिहिता. आई काहीच म्हणत नाही का? ती बोलणार नसेल तर मी सुट्टी मुंबईलाच काढते, मैत्रिणीकडे.'"

मोबाईल तिनं खाटेवर आपटला.

"काहीच म्हणत नाई? काहीच? इतके महिने अंगठा झिजवून राह्यली मी! कानाले बांध म्हटलं, झोपत जा म्हटलं, चुकलं म्हटलं, आनखी काय पाय धरू का तिचे?"

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. जानराव तिच्याकडे बघत होते. मिशीत हसू हललं, पण त्यांनी ते खाली पडू दिलं नाही.

"माह्या नावानं?" त्यांनी विचारलं.

"मंग कोनाच्या?" तानाबाई उठली. "मी चिखलीले चालली. त्या प्रसेनजितले इचारतो, निरोप पोहोचवते का समुद्रात बुडवते!"

जीपमध्ये बसल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरगी मुंबईत राहिली म्हणजे सुट्टी गेली, आणि सुट्टी गेली म्हणजे परत जहाज. मग तोंड कधी दिसायचं?

प्रसेनजितनं गल्ल्यावरून उठून मावशीला खुर्ची दिली, सगळं ऐकलं आणि कॉम्प्युटर उघडला. मग डोक्याला हात लावला.

"मावशी, पोरीकडून येते ते तुकडे-तुकडे होऊन सगळं येते. पन इकडून जाते ते फक्त पहिले सत्तर अक्षरं. काना, वेलांटी, सगळं त्यातच. मी सांग्तलं होतं ना, थोडक्यात लिहा म्हनून?"

"थोडक्यातच तं लिहत होतो."

"हे पाह्य." त्यानं पडदा तिच्याकडे वळवला.

सगळे निरोप एकाखाली एक होते. सप्रेम जयभीम. पत्र लिहिण्यास कारण की, आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. आणि तिथंच संपलेले. गाय नाही, कालवड नाही, कान नाहीत. जानरावांचं नावसुद्धा कधी समुद्रापर्यंत गेलं नव्हतं.

तानाबाईनं एकेक ओळ बोटानं खाली वाचत नेली. मग तिला हसू फुटलं, आणि ते इतकं वाढलं की दुकानातलं गिऱ्हाईक वळून पाहायला लागलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा ते हसण्याचं की कशाचं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पोरगी निगरगट्ट नव्हती! पोरीला बिचारीला काही मिळालंच नव्हतं.

घरी येऊन ती थेट मोबाईल घेऊन ओट्यावर बसली. जानराव शेजारी टेकले.

"जयभीमबिगर कसं लिहू?" तिनं विचारलं. "बरं नाई दिसत."

"आल्यावर करजो समोरासमोर."

"आन् खुशाली?"

"खुशाल हाये म्हनूनच तं भांडून राह्यली तू," जानराव म्हणाले. "लिही."

या वेळी त्यांनी काही सांगितलं नाही. तानाबाईनं पुष्कळ वेळ बटणांकडे पाहिलं. मग लिहिलं: 'आई लिहून राह्यली. मुंबई-बिंबई काही नाई. घरी ये.' अक्षरं मोजली. बसत होती. डोळे मिटून तिनं बटण दाबलं.

उत्तर आलं दुसऱ्या दिवशी दुपारी, ती तूर पाखडत होती तेव्हा. मोबाईल वाजला. परत वाजला. तुकड्यावर तुकडा येत राहिला, मागचा पुढं आणि पुढचा मागं. सूप टाकून तानाबाई धावली. तेवढ्यात मोबाईल गप्प झाला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: जागा शिल्लक नाही.

तिनं मागचापुढचा विचार केला नाही. जानरावांनी जपून ठेवलेले सोयाबीनच्या बाजारभावाचे सगळे मेसेज धडाधड पुसून टाकले. मोबाईल पुन्हा वाजायला लागला.

"अवं, माहे भाव!" जानराव ओरडत आत आले. "काय झालं? पोरीचं हाये का? वाच ना मोठ्यानं."

तानाबाई खिडकीशी पाठ टेकून वाचत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. चेहरा असा फुलला होता की जानराव दारातच थांबले.

"काय म्हनते?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

तिनं मान वर केली नाही.

"तुम्हाले नाई लिहलं."

जानराव "बरं" म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला स्वतःच चुलीकडे गेले.