रिंगखालची गाडी

रिंगमधून चेंडू खाली आला की तो जमिनीवर आपटतो, एवढं ज्ञान कुठल्याही शेंबड्या पोराला असतं. या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला मात्र ते नव्हतं, कारण त्यांच्या रिंगखाली जमीन नव्हतीच. तिथे प्राचार्यांची गाडी होती.

कॉलेजच्या मागे सिमेंटचं मैदान होतं. एका टोकाची रिंग दुचाक्यांसाठी पत्र्याची शेड घालताना काढली होती. तात्पुरती, असं सांगून. ऑफिसात तात्पुरतं म्हणजे काय, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी अर्ज केलाय त्याला समजावायला नको. दुसऱ्या टोकाची रिंग शाबूत होती, पण तिच्या मागेच तीन मजली इमारत होती आणि दुपारनंतर इमारतीची सावली नेमकी रिंगखाली पडायची. बाकीची माणसं सावली दिसली की बसतात. प्राचार्यांनी तिथे गाडी लावली. सकाळी लावायची ती संध्याकाळी सगळ्यांत शेवटी काढायची. पांढरीशुभ्र गाडी, शिपाई दिवसातून दोनदा पुसायचा, आणि रिंगची जाळी बरोबर बॉनेटवर लोंबायची.

कॉलेज सुरू झाल्या झाल्या, मोसमाच्या कितीतरी महिने आधी, संघाची कप्तान स्टाफरूममध्ये गेली. तिला सगळे गोटी म्हणायचे. उंचीने तेवढीच आणि डोकंही तेवढंच कडक.

"सर, गाडी जरा दुसरीकडे लावता येईल का? आम्हाला प्रॅक्टिस करता येत नाही."

प्राचार्य चहा पीत होते. त्यांनी आजूबाजूच्या प्राध्यापकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

सगळे हसले. हसण्याचाही पगार मिळतो त्यांना.

"अंगण वाकडं नाहीये सर," गोटी म्हणाली, "अंगणात गाडी आहे."

आता कुणी हसलं नाही. एकाला खोकला आला. प्राचार्यांनी कप खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता, पण चारचौघांत उत्तर मिळालं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"गेल्या वर्षी किती सामने खेळलात तुम्ही? निम्म्या वेळा वॉकओव्हर! पोरी उगवल्याच नाहीत. खरं की खोटं?"

खरं होतं.

"मग आता माझं ऐक. या मोसमातले सगळे सामने शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळून दाखवा. जिंका, हरा, मला काही नाही. एकही सोडला नाहीत, तर मी स्वतः माझी गाडी रस्त्यावर लावीन. सगळ्यांसमोर सांगतोय. आणि एक जरी सामना सोडलात, तर संघ बंद, रिंग भंगारात आणि मैदानभर पार्किंग. तोवर माझ्या गाडीवर ओरखडा दिसता कामा नये. कबूल?"

"कबूल," गोटी म्हणाली आणि बाहेर येऊन बोटं मोजू लागली. संघात एकूण पाच जणी होत्या. पाचाशिवाय सामना सुरूच होत नाही. एकीला ताप आला की संपलं.

त्या पाच जणी अशा. एक गोटी. एक शिडी, जिचे हात दारातून आत यायच्या आधी दिसायचे. दोन जुळ्या, ज्या कुणाशी भांडायला लागल्या तर समोरच्याला आपण एकीशी भांडतोय की दोघींशी तेच कळायचं नाही. आणि पाचवी मावशी. वयाने सगळ्यांएवढीच, पण पाण्याच्या बाटल्या भरणं, गुडघ्याला पट्टी बांधणं आणि "खाल्लंस का?" विचारणं हे सगळं तिच्याकडे. शिक्षक म्हणून त्यांना ग्रंथपाल मॅडम दिल्या होत्या. मॅडमना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या येऊन बसायच्या, आणि ज्याला त्याला "आमचा संघ" म्हणून सांगायच्या. संघाला तेवढंही आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

प्रॅक्टिस कशी करायची? गाडीच्या मागे उभं राहायचं आणि गाडीवरून रिंगमध्ये चेंडू टाकायचा. सरळ टाकला तर रिंगच्या कडेला लागून काचेवर येणार. म्हणून तो उंच टाकायचा, इतका उंच की वरून खाली सरळ विहिरीत पोहरा सोडल्यासारखा पडावा. आणि पडला की बॉनेटला टेकायच्या आत झेलायचा. दोघी या बाजूला, दोघी त्या बाजूला, बॉनेटवर हात पसरून उभ्या. गेला, आला, हुकला, रिंगवर नाचला, काहीही झालं तरी चेंडू झेललाच पाहिजे. पोरी अशा झेपावायच्या की शिपाई पुसायचं सोडून बघत राहायचा.

गोटीचे बाबा गॅरेजमध्ये डेंटिंगचं काम करायचे. ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करून करून त्यांच्या उजव्या कानाला कमी ऐकू यायचं. लेकीने ही कहाणी सांगितली तेव्हा ते घास हातात धरून बसले.

"बॉनेटचा पत्रा पातळ असतो गं," ते म्हणाले. "चेंडू जोरात बसला तर पोचा पडेल. तुम्ही भिंतीवर का नाही टाकत चेंडू?"

"भिंतीला रिंग नाही ना, बाबा."

"हे मात्र खरं," बाबा म्हणाले आणि घास तोंडात टाकला.

मोसम सुरू झाला. पहिल्या सामन्यात समोरच्या पोरी यांचे उंच चेंडू पाहून पोट धरधरून हसल्या. एकजण ओरडली, "अगं, पाखरं मारताय का?" संघ हरला. पण शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळला. दुसराही हरला. तिसऱ्या वेळी एका जुळीचा पेपर होता. ती पेपर देऊन थेट रिक्षाने आली आणि बूट मैदानावरच बांधले. तोही हरला.

मग चौथ्या सामन्यात एक गंमत झाली. समोरच्या संघाचा चेंडू रिंगला लागून परत आला की तो यांच्याच हातात. पुन्हा टाकला, पुन्हा यांच्याच हातात. वर्षभर काचेच्या भांड्यासारखा झेललेला चेंडू, तो हवेत असताना दुसऱ्या कुणाचा होऊच शकत नव्हता. आणि गोटीचा उंच चेंडू अडवायला कुणाचे हात तेवढे वर पोचत नव्हते. सामना जिंकला. पाठोपाठ आणखी एक जिंकला. ग्रंथपाल मॅडम इतक्या ओरडल्या की दुसऱ्या दिवशी वाचनालयात त्यांना "शांतता राखा" हेही बोटाने दाखवावं लागलं.

प्राचार्यांच्या कानावर हे गेलंच. गाडी होती तिथेच होती.

शेवटचा सामना राहिला, आणि तो गेल्या वर्षीच्या विजेत्या संघाशी. त्यांचं मैदान बंदिस्त, लाकडी, बारा जणींचा संघ, सगळ्यांना एकसारख्या बॅगा. बक्षीस द्यायला पाहुणे म्हणून बोलावले होते कोण? आपलेच प्राचार्य. पुढच्या सोफ्यावर बसले होते, हातात फुलं घेऊन.

अर्धा सामना होईपर्यंत पोरींनी तोंडाला फेस आणला विजेत्यांच्या. मग ग्रह फिरले. एका जुळीचा पाय मुरगळला आणि तिला उचलून बाहेर न्यावं लागलं. दुसरीचं लक्ष बहिणीच्या पायाकडे, खेळात कुठलं? तिचे एकामागून एक पाच फाउल भरले आणि तीही बाहेर. उरल्या तिघी. मावशीने समोरच्या सगळ्यात धिप्पाड पोरीला अडवता अडवता आपले पाच भरले. जाताना तिने गोटीच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि रडायला लागली.

मैदानात पाच जणींसमोर दोघी. गोटी आणि शिडी.

पंच जवळ आले. "दोघी आहात तोवर खेळू शकता," ते म्हणाले आणि शिडीकडे बोट केलं. "पण हिचे चार फाउल झालेत. आणखी एक झाला की तू एकटी. एकटीचा संघ होत नाही, सामना सोडला असं धरलं जाईल."

एवढ्यात प्राचार्य सोफ्यावरून उठून आले. आवाज अगदी मायेचा. "पुरे झालं आता, बाळांनो. लोक हसतायत. कॉलेजची शोभा होतेय. सोडून द्या. हरणं काय आणि सोडणं काय, एकच."

गोटीला धाप लागली होती. छातीत भाता चालला होता आणि डोळ्यांत घाम गेला होता. पण हे शब्द तिच्या कानात कढत तेलासारखे उतरले. सगळा मोसम ज्यासाठी घाम गाळला, तेच हा माणूस गोड बोलून मागत होता.

"एकच नाही, सर," ती म्हणाली. "एकात तुम्ही गाडी हलवता."

प्राचार्य जाऊन सोफ्यावर बसले.

गोटीने शिडीला जवळ ओढलं. "हात पाठीमागे बांध."

"काय?"

"कुणाला अडवायचं नाही. आपल्याला जिंकायचं नाहीये, फक्त उरायचंय. त्या अंगावर आल्या की बाजूला हो."

समोरच्या शिक्षकाच्याही ते लक्षात आलं. तो ओरडला, "त्या उंच पोरीला भिडा!" मग त्या पाचही जणी शिडीच्या अंगावर धावून येऊ लागल्या आणि शिडी, हात पाठीमागे धरून, वळवळत, गिरक्या घेत त्यांना वाट देऊ लागली. प्रेक्षक हसत होते. गुणफलकावर समोरच्यांचे आकडे पळत होते. शिडीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तो घाम नव्हता. पण हात पाठीमागून सुटले नाहीत. चेंडू आपल्याकडे आला की तेवढ्यापुरते हात सोडून ती तो गोटीला द्यायची, गोटी तिला, असं करत दोघी पुढे सरकायच्या आणि जागा मिळाली की गोटी उंच टाकायची. एक गेला. एक हुकला. आणखी एक गेला. हळूहळू हसणं थांबलं. विजेत्यांकडून खेळणारी एक पोर आपल्या शिक्षकाचं न ऐकता शिडीपासून चार पावलं लांबच थांबली.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा दोघी उभ्या होत्या. सणसणीत हरल्या होत्या. गोटीने गुणफलकाकडे पाहिलंही नाही. ती सोफ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी गाडी रिंगखाली.

गोटी केबिनमध्ये गेली. प्राचार्यांनी कागदांवरून मान वर केली नाही. "अगं, बोलण्याच्या ओघात माणूस काही म्हणतो. सगळं धरून बसायचं असतं का? खेळलात छान. पुढच्या वर्षी बघू."

म्हणजे शब्द फिरवला. साक्षीदार सगळी स्टाफरूम होती, पण ती मूग गिळून बसली. एकट्या ग्रंथपाल मॅडम त्या संध्याकाळी केबिनमध्ये गेल्या, आणि लाल चेहऱ्याने बाहेर आल्या.

घरी गोटी ताटावर बसली पण जेवेना. "खोटारडा माणूस," एवढंच म्हणाली.

बाबांनी काळ्या नखांच्या बोटांनी ताट तिच्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "पोचा आलेला पत्रा बाहेरून कितीही चोळला ना, तरी सरळ होत नाही. आत शिरून ठोकावा लागतो."

आई म्हणाली, "तिला भलतंच काही शिकवू नका!"

"मी पत्र्याबद्दल बोलतोय," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्यांची गाडी फाटकातून आत आली, वळली आणि थांबली. रिंगखाली पाच जणी होत्या. मुरगळलेल्या पायाची जुळी तर जिथे बॉनेट यायचं बरोबर तिथेच बँडेजचा पाय पसरून बसली होती. गाडीने हॉर्न दिला. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. वाचनालयाची खिडकी सताड उघडली.

काच खाली झाली. "बाजूला व्हा!"

"मोसम पूर्ण झालाय, सर," गोटी म्हणाली.

"आधी बाजूला व्हा, मग बोलू."

"बोलणं झालंय. मोसमाच्या आधीच झालंय."

गाडी हातभर पुढे आली. कुणी हललं नाही. गोटीने जुळीला हात देऊन बाजूला केलं, चेंडू घेतला, गाडीच्या कडेला उभी राहिली आणि रोजच्यासारखा उंच टाकला. चेंडू वर गेला. सवयीने आठ हात पुढे आले.

"हात खाली," गोटी म्हणाली. "आता झेलायचं नाही."

हात खाली गेले. चेंडू जाळीतून सरळ खाली आला आणि सिमेंटवर आपटला. गाडीच्या नाकापुढे, वीतभर अंतरावर. त्या रिंगखाली तो आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. चेंडू उसळून परत गोटीच्या हातात आला. तिने पुन्हा टाकला. पुन्हा आपटला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, मग मोजता येईना.

प्राचार्यांनी समोर पाहिलं, वर खिडक्यांकडे पाहिलं, आणि आपल्या पांढऱ्याशुभ्र बॉनेटकडे पाहिलं. त्यावर वर्षभरात एकही ओरखडा उठला नव्हता. काच वर गेली. गाडी मागे सरकू लागली.

"मावशी," गोटी ओरडली, "सरांच्या मागे खांब आहे, जरा बघ गं!" आणि मग काचेतून ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "जपून घ्या, सर. वर्षभर आम्ही जपलीय ती."