तेराचा पाना

ज्याने ही गाडी आखली, त्याला एकदा आमच्या अंगणात आणून चिखलात उताणं झोपवायला हवं. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठेवलाय इंजिनाच्या पाठीमागे. वरून हात जात नाही, खालून डोकं जात नाही. पुढचं उजवं चाक काढा, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा घाला, जॅकने दोन बोटं उचला, तेव्हा कुठे तो लांबडा बोल्ट बाहेर यायला वाट मिळते. शनिवारी सकाळी आठपासून मी तिथे पडलो होतो आणि इथल्या उत्तरेकडच्या ऑक्टोबरचा गारठा पाठीत शिरत होता.

घाई बाबांची होती. त्यांचं लायसन्स आज संपत होतं. नवं मिळणार नव्हतं, कारण डॉक्टरणीने डोळे तपासून सही करायला नकार दिला होता. आणि तीन वाजता सैनायोकी शहरात आऊनेआत्याच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा कॉफीचा कार्यक्रम होता. लायसन्सच्या शेवटच्या दिवशी तिथे आपण स्वतः गाडी चालवत येणार, असं बाबांनी आठवडाभर फोनवर सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. नेमका काल संध्याकाळी अल्टरनेटरने जीव सोडला.

त्या डॉक्टरणीवर तर मी फोनवरून यथेच्छ तोंडसुख घेतलं होतं. चाळीस वर्षं गावाच्या गाड्या दुरुस्त केलेल्या माणसाला ही कालची पोरगी आंधळा ठरवणार? तिने शांतपणे ऐकून घेतलं होतं, त्याचा मला आणखीच राग आला होता.

बाबांच्या गॅरेजचा नियम एकच. खालच्याने आकडा सांगायचा, वरच्याने पाना हातात द्यायचा, मध्ये बडबड नाही. त्यांच्या हाताखाली मी वाढलो, पण त्यांचा हात चुकलेला कधी पाहिला नव्हता.

आज मी तेराचा मागितला, तर पंधराचा आला. परत मागितला, तर बाराचा. तिसऱ्यांदा पंधराचाच आला. मी न बघता लावला, तो घसरला आणि माझ्या दोन बोटांची सालटी निघाली.

"बाबा, मुद्दाम करताय का?"

"कान तपासून घे, यौको. तू पंधराच म्हणालास."

मग मी तोंडाला येईल ते बोललो. तेही बोलले. माझी आई असती तर तिने दोघांनाही उपाशी ठेवलं असतं. रागाच्या भरात मी हाताशी असलेल्या पकडीनेच नट सोडवले, जुना अल्टरनेटर ओढून काढला, बाहेर ढकलला आणि नवा आत चढवला. आता फक्त नट आवळायचे होते. तेराचा, मी पुन्हा ओरडलो. या वेळी पाना यायला फार उशीर लागला, म्हणून मी मान वळवून गाडीखालून पाहिलं.

बाबा गुडघ्यावर बसले होते. वाढदिवसासाठी घातलेल्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. एकेक पाना ते जुन्या अल्टरनेटरच्या नटावर लावून बघत होते, अंगठ्याने चाचपत होते. जो नीट बसला तो त्यांनी माझ्या हातात दिला. तेराचाच होता. मी नट आवळले. संताप इतका झाला होता की दात दुखायला लागले. इतके दिवस लपवलं म्हणून त्यांचा, आणि त्या पोरीला शिव्या दिल्या म्हणून स्वतःचा.

दीड वाजता चाक चढलं. बाबा टाय सारखा करून स्टिअरिंगमागे बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं. बॅटरीचा लाल दिवा विझला.

"लाल दिवा गेला का रे?" त्यांनी विचारलं.

दिवा त्यांच्या नाकासमोर होता.

"गेला," मी म्हणालो. "उतरा, बाबा. मी चालवतो."

"आजचा दिवस माझा आहे. लायसन्सवर तारीख छापलीय."

"वाचून दाखवा."

त्यांनी खिशातून कार्ड काढलं. बराच वेळ हातात धरून बसले. मला त्यांना थांबवता आलं असतं, पण मी थांबवलं नाही. मग त्यांनी कार्ड परत खिशात ठेवलं, दार उघडलं आणि बॉनेटवर हात टेकत टेकत पलीकडच्या दाराशी गेले.

सैनायोकीपर्यंत ते माझ्यावर ओरडत होते. क्लच जाळतोस, गिअर उशिरा टाकतोस, गाढवासारखा चालवतोस. मीही ओरडत होतो. आत्याच्या दारात मी गाडी थांबवली तरी ते ओरडतच होते आणि मी सांगेपर्यंत त्यांना कळलंच नाही, की आपण पोचलोय.