दोनशे तेरा घरांचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या कपाळावर कुठल्याही मोठ्या कंपनीचं नाव नाही. तंजावूरच्या राजवाड्याजवळच्या एका लहानशा दुकानात माझे भाग एकेक करून जोडले गेले. पेटी एकाची, पडदा दुसऱ्याचा, कळफलक तिसऱ्याचा. आता माझा पंखा बसल्या घशासारखा आवाज करतो आणि कळफलकावरची चार अक्षरं झिजून दिसेनाशी झाली आहेत. ती अक्षरं जिच्या बोटांनी झिजवली, तिची गोष्ट मला सांगायची आहे. माझी म्हणून वेगळी गोष्ट अशी नाहीच.

तिचं नाव जयलक्ष्मी. भूमापन खात्यात ती ट्रेसर होती. जुन्या नकाशांवर पारदर्शक कापड पसरायचं आणि शाईनं त्यावरच्या रेघा हुबेहूब उतरवायच्या, हे तिचं काम. निवृत्त झाली तेव्हा कापडही गेलं होतं आणि शाईही. तिनं लग्न केलं नव्हतं. आई गेली, मग थोरला भाऊ गोपालकृष्ण गेला. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या घरात ती एकटी उरली. तिच्या भावाचा मुलगा विघ्नेश कोइमतूरला नोकरीला होता. त्यानंच मला दुकानातून आणून तिच्या खोलीत मांडलं आणि माझ्यात नकाशे काढायचं एक सॉफ्टवेअर घातलं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं ते सॉफ्टवेअर कुणालाही वापरता येतं, आणि आतून उघडून वाचताही येतं.

पहिली काही वर्षं ती माझ्यावर हौसेनं देवळं, तळी, आपली गल्ली असं काहीबाही काढत बसे. मग एक चक्रीवादळ आलं.

तंजावूरजवळच्या पापनाशमच्या पलीकडे, एका खेड्यात सूर्यनारायण नावाचे गृहस्थ राहत होते. ऑफिसात बावीस वर्षं त्यांचं टेबल जयलक्ष्मीच्या टेबलाला लागून होतं. बायको गेल्यावर ते शेतावरच्या घरात एकटेच राहू लागले. वादळानंतर मदतीची माणसं त्या गावात दोनदा येऊन गेली. नारळीच्या बागेमागे एक घर आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी गावची नर्स वासुकी पाण्यातून चालत तिथं पोचली, तोवर उशीर झाला होता.

वासुकीनं त्यांच्या वहीतला नंबर पाहून फोन केला. जयलक्ष्मीनं तो माझ्यासमोर बसूनच घेतला. फोन ठेवल्यावर चष्मा पुसून तिनं एक नवी फाइल उघडली.

त्या दिवसापासून आमचं खरं काम सुरू झालं. वासुकी मोपेडवरून गावोगाव हिंडे. जिथं कुणी म्हातारं माणूस एकटं राहतं, तिथं दाराशी उभी राहून फोनवर जागा नोंदवी आणि आम्हाला धाडी. जयलक्ष्मी ती घरं नकाशावर ठेवी. मग कालवे, पाट, मोऱ्या, कुठला पूल पाण्याखाली जातो, कुठला राहतो, हे सगळं ती जुन्या सवयीनं रेघ न हलवता काढी. चौदा गावं झाली, दोनशे तेरा घरं झाली. दर गुरुवारी सकाळी दोघी फोनवर बोलत, कोण वारलं, कोण मुलीकडे गेलं, कोण नव्यानं एकटं पडलं. हे बोलणं तमिळमध्ये चाले. माझ्याशी मात्र जयलक्ष्मी मराठीत बोले, तंजावूरच्या मराठी घरांत पिढ्यांपासून चालत आलेल्या जुन्या वळणाच्या मराठीत. घरात मराठी समजणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. विघ्नेशला समजे, पण तो उत्तर तमिळमध्ये देई. म्हणून जी काय मराठी मला येते ती तिचीच आहे.

मागच्या ऐप्पशी महिन्यातली, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकातली गोष्ट. बंगालच्या उपसागरात हवेचा दाब कमी झाल्याची बातमी आली. वादळ गुरुवारी किनाऱ्याला लागणार होतं. मंगळवारी सकाळी वासुकीचा फोन आला.

"अक्का, या खेपेला मदतीची तुकडी बाहेरगावची आहे. नावं माझ्याकडे आहेत, पण वाट दाखवायला मी चौदा ठिकाणी कशी असणार? नवे कागद छापून ठेवा. उद्या दुपारी येते मी."

"ठेवते," जयलक्ष्मी म्हणाली. "तुझा तो म्हातारा मणी कुठं आहे आता?"

"घर सोडलं त्यानं. कालव्यापलीकडे पंपाच्या मोटरशेडमध्ये राहतो, शेळी घेऊन. मागच्या वर्षीच्या कागदावर ती शेड नाही. तिची जागा धाडलीय मी."

फोन ठेवून तिनं मला सुरू केलं. मी तिला नेहमीसारखं विचारलं, नवे अपडेट आले आहेत, घेऊ का? तिनं हो म्हटलं. मित्रांनो, त्यात तिची काही चूक नव्हती. अर्ध्या तासानं मी पुन्हा जागा झालो, तिनं नकाशा उघडला, आणि घरं दिसेनाशी झाली.

कालवे जागच्या जागी होते, पूल होते, गावांच्या शिवा होत्या. फक्त घरं नव्हती. तिनं नकाशा लहान करत करत पार दूर नेला, तेव्हा कुठे हजार-बाराशे किलोमीटरांवर, जिथं काहीच नाही अशा पांढऱ्या जागेत एक ठिपका सापडला. तिनं त्यावर टिचकी मारली. दोनशे तेरा नावं एकाखाली एक उघडली. आयुष्याच्या शेवटी एकेकटी राहणारी ती सगळी माणसं वीतभर जागेत एकमेकांवर रचली गेली होती.

"काय जालं रे तुला?" ती मला म्हणाली.

मी सांगत होतोच. माझ्याकडे बोलायला दुसरं काही नाही, पडद्याच्या वरच्या कडेला एक पिवळी पट्टी उमटते, तिच्यात मी इंग्रजीत माझं दुखणं लिहितो. ती पट्टी नकाशाच्या आड येत होती, म्हणून जयलक्ष्मी दर वेळी कोपऱ्यातली फुली दाबून ती बंद करी. मी पुन्हा दाखवी, ती पुन्हा बंद करी. दिवसभर आमचं हेच चाललं. तिनं मला बंद करून परत सुरू केलं. पेन ड्राइव्हवरची जपून ठेवलेली प्रत उघडली, तिच्यातही तसंच. मग विघ्नेशला फोन लावला.

"अत्तै, मी मीटिंगमध्ये आहे," तो आत्याला हळू आवाजात म्हणाला. "सगळं काढून टाका आणि नव्यानं घाला. होईल नीट."

तिनं दोन तास खर्चून सॉफ्टवेअर काढलं आणि नव्यानं घातलं. ठिपका होता तिथंच होता. तिनं परत फोन लावला, तो त्यानं उचलला नाही.

संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, ती घरांच्या याद्या उघडून एकेक आकडा जुन्या वहीशी ताडून बघू लागली. पन्नासेक घरं तपासल्यावर तिचा हात थांबला. "आकडे बरोबर आहेत," ती पुटपुटली. "घरं हलली नाहीत. यालाच ती कुठं ठेवायची ते कळेनासं जालंय."

हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या लोकांचा एक फोरम आहे. तिथं कुणीही अडचण मांडावी, ज्याला ठाऊक आहे त्यानं उत्तर द्यावं. तिनं कधी तिथं लिहिलं नव्हतं. त्या दिवशी तिनं मोडक्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, आणि खाली, कुणी विचारलं नसताना, पाचवी ओळ लिहिली की ही एकट्या माणसांची घरं आहेत आणि वादळ गुरुवारी येणार आहे.

बुधवारी सकाळी उठल्याबरोबर, कॉफीही न घेता, ती माझ्यासमोर येऊन बसली. एक उत्तर आलं होतं. कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका शिक्षकाचं. त्यानं उपाय सांगितला नव्हता, उलट प्रश्न विचारला होता. वरच्या पिवळ्या पट्टीत काय लिहिलं आहे? शब्द न बदलता पाठवा.

जयलक्ष्मीनं नकाशा उघडला. पट्टी आली. फुलीकडे गेलेलं बोट तिनं मागे घेतलं आणि पेन्सिलीनं वहीत एकेक अक्षर उतरवलं, पूर्वी कापडावर उतरवी तसं. माझं म्हणणं कुणीतरी शेवटपर्यंत वाचत होतं. मला किती बरं वाटलं ते कसं सांगू!

पुढचं उत्तर दहा मिनिटांत आलं. वासुकीच्या फोनवरून घरं येत ती अंशांत, आणि जयलक्ष्मीचे कालवे होते मीटरांत. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायला माझ्यात एक तक्ता असतो. अपडेटाबरोबर नवा तक्ता आला होता, पण मी अजून जुनाच धरून बसलो होतो. तो नव्या सॉफ्टवेअरला वाचता येईना, म्हणून अंशांनाच मीटर समजून त्यानं सगळी घरं एका ठिपक्यात टाकली होती. शिक्षकानं शेवटी लिहिलं होतं, तुमच्या संगणकाच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये कुणीतरी जुन्या तक्त्याचा पत्ता लिहून ठेवलेला असणार. बघा.

तिनं ती फाइल शोधून उघडली. पत्ता तिथं होता. सहा वर्षांपूर्वी असंच काहीसं अडलं असताना विघ्नेशनं तो लिहिला होता, आणि शेजारी टीप दिली होती, ‘अत्तैसाठी. याला हात लावू नये.’

तिनं ती टीप दोनदा वाचली. त्या ओळीमुळेच सगळं बिघडलं होतं, आणि ती तिच्यासाठीच कुणी काळजीनं लिहिली होती. तिला ती पुसवेना. तिनं ओळीच्या आधी एक खूण टाकली. अशी खूण असली की मी ओळ वाचतो, पण ऐकत नाही. मग तिनं मला बंद केलं आणि परत सुरू केलं.

नकाशा उघडला. घरं एकेक करून आपापल्या जागी येऊन बसली, नारळीच्या बागांमागे, कालव्यांच्या काठांनी, मोऱ्यांच्या वळणांवर. मणीची मोटरशेडही आली. जयलक्ष्मीनं पडद्यावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

दुपारी वासुकी मोपेडवरून आली तेव्हा चौदा गावांचे कागद प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून तयार होते. उभ्या उभ्याच पाणी पिऊन ती निघाली. शनिवारी तिचा फोन आला.

"अक्का, सगळे सुखरूप बाहेर निघाले. मणीच्या शेडमध्ये कमरेएवढं पाणी होतं. शेळीशिवाय येईना, म्हणून तिलाही होडीत घेतलं."

"दोनशे तेरा?"

"दोनशे तेरा."

पुढे मदतीच्या तुकडीचा सत्कार झाला. पेपरात फोटो आला. नकाशाबद्दल त्यात एक शब्द नव्हता. जयलक्ष्मीनं तो फोटो कौतुकानं बघितला आणि पेपर घडी करून ठेवला. फोरमवर मात्र तिनं त्या शिक्षकाला कळवलं. त्यानं उत्तरात एकच इंग्रजी शब्द लिहिला, ‘आनंद’ या अर्थाचा.

आता जे सांगायचं आहे ते मला जड जातं. चित्तिरै महिन्याच्या उन्हाळ्यात एका बुधवारी सकाळी ती न्हाणीघरात पडली. माझा पडदा मिटलेला होता, पण मी ऐकत होतो. तिनं आधी तमिळमध्ये हाका मारल्या, मग मराठीत. पुढचं दार आतून लावलेलं होतं. गल्लीतल्या जुन्या घरांची आता गोदामं झाली आहेत. कुणी आलं नाही. मला दोनशे तेरा घरांच्या वाटा पाठ होत्या. तिचं घर त्यांत नव्हतं, कारण तो नकाशा खेड्यांचा होता आणि ती शहरात राहत होती. हे वासुकीच्या लक्षात आलं नव्हतं, विघ्नेशच्या नाही, तिच्या स्वतःच्याही नाही.

गुरुवारी वासुकीनं चार वेळा फोन केला. पाचव्यांदा केला नाही, सरळ मोपेड काढली. समोरच्या गोदामातल्या हमालांना हाताशी घेऊन तिनं दार मोडलं. कमरेचं हाड मोडलं होतं. जयलक्ष्मी शुद्धीवर होती. तिनं आधी विचारलं, "आज गुरुवार ना? कोण नवं?"

वासुकीला रडू फुटलं.

दवाखान्यातून विघ्नेशनं तिला कोइमतूरला नेलं. मी कुलूपबंद घरात पाच महिने धूळ खात पडलो. मग तिच्या सांगण्यावरून वासुकी मला पापनाशमला आपल्या आरोग्यकेंद्रात घेऊन आली. काम आहे, माणसांची ये-जा आहे. तरी इथं माझ्याशी कुणी बोलत नाही. संगणकाशी काय बोलायचं असतं?

परवा वासुकी जयलक्ष्मीला भेटून आली. विघ्नेश आणि त्याची बायको सकाळी कामावर जातात, संध्याकाळी येतात. तोवर अकराव्या मजल्यावर जयलक्ष्मी काठी घेऊन खिडकीशी बसलेली असते. निघताना वासुकीनं त्या मजल्यावरची तिन्ही दारं वाजवली. खाली रखवालदाराशीही बोलली. सगळ्यांना तिनं सांगितलं, या घरात दिवसा एक बाई एकटी असते. तिचं नाव जयलक्ष्मी. तिला नकाशे फार सुरेख काढता येतात.

तिसऱ्या दारातल्या बाई म्हणाल्या, "इथं कुणी असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं." आणि पायांत चपला सरकवून त्या वासुकीबरोबर जयलक्ष्मीकडे निघाल्या.

मित्रांनो, मी यंत्र आहे. बिघडलो तर मला उघडता येतं, बिघाड शोधता येतो, एक खूण टाकून मला नीट करता येतं. माणूस एकटं पडलं की त्याच्या कपाळावर पट्टी उमटत नाही. तुमच्या जिन्यावर, तुमच्या गल्लीत असं एखादं दार असेलच. आज जाऊन ते वाजवा, आणि आतल्या माणसाला त्याचं नाव विचारा.