सात नंबरची जोखीम

मी एक नोंदवही बोलतेय. हजेरीची नव्हे, मी जोखमीची वही. काम सुरू होण्याआधी त्यात काय काय वाईट घडू शकतं, ते माझ्यात लिहून ठेवतात. वाईट घडल्यावर माझं काय करतात, ते पुढे येईलच.

चिखलीच्या एका दुकानातून धम्मशीलाने मला आणलं. दुसरबीडच्या अलीकडे एका गावाला नळाचं पाणी पोचवायचं काम होतं, त्याची ती समन्वयक. धाड गावची मुलगी, पहिलीच नोकरी. पट्टी घेऊन तिने माझ्यावर रकाने आखले: जोखीम, परिणाम, उपाय, जबाबदार, स्थिती. मला फार ऐट आली होती. बुलढाण्याच्या प्रशिक्षणात तिला हे सगळं शिकवलं होतं. कामाचे तुकडे पाडा, त्यांचा क्रम लावा, तारखा ठरवा, दर सोमवारी वही उघडा. आणखी एक वाक्य शिकवलं होतं, ते तिने अधोरेखितही केलं होतं: ज्याला काम थांबवता येतं, त्याचंच नाव जबाबदार म्हणून लिहा.

पहिल्या बैठकीत पेन त्याच रकान्याशी अडलं. काम थांबवण्याचा अधिकार एकट्या सागर सरांना, तिच्या वरिष्ठांना, होता. ते समोर चहा पीत बसलेले. आता सरांसमोर सरांनाच काम कसं नेमून द्यायचं? वयाने मोठे, हुद्द्याने मोठे. उद्धटपणाच दिसला असता तो. तिने चौदाच्या चौदा ओळींत स्वतःचं नाव लिहिलं. सरांचं नाव पहिल्या पानावर, वर, 'मार्गदर्शक' म्हणून घातलं.

सरांनी मला उलटसुलट केलं आणि म्हणाले, "अक्षर छान आहे तुझं."

सातव्या ओळीत लिहिलं होतं: नाल्याखालून पाइप नेण्यासाठी दहा फूट खोल चर. काळी माती. कडा ढासळून माणूस गाडला जाण्याची शक्यता. उपाय: दोन्ही बाजूंना लोखंडी पत्रे आणि टेकू. स्थिती: खुली.

पत्रे मागवायला सांगितले, पण आले नाहीत. लोकार्पणाची तारीख मात्र आली. पत्रिका छापून झाल्या, मंडपवाला ठरला. वरच्या कार्यालयात दर महिन्याला आढावा जायचा. एकही जोखीम खुली असली, तर तिथल्या पडद्यावर आमचं काम लाल दिसायचं. सरांना लाल रंग बघवत नसे.

"सात नंबर बंद कर," सर म्हणाले.

"सर, पत्रे आले नाहीत अजून."

"सांगितलेत ना? मग उपाय झाला. येतील चार दिवसांत. तू लिही."

तिने 'खुली' वर काट मारली आणि 'बंद' असं लिहिलं. इतकं दाबून लिहिलं की खालच्या पानावर वळ उठला. राग पेनावर काढून काय होतं? तेव्हा मला तिची कीव आली. आज मला तिचा रागही येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाइप जोडणारा कडूबा चराच्या काठावर उभा होता. धम्मशीला मला काखोटीला मारून तिथे गेली होती.

"मॅडम, वरतून ढेकळं पडून राह्यले," तो म्हणाला. "पत्रे येऊन राह्यले व्हते ना? काय झालं?"

"येतील भाऊ. सरांनी सांगितलंय..."

"वहीत काय लिवलं तुमी?"

तिने खरं सांगितलं. "बंद."

कडूबा हसला. "मंग काऊन भेवाचं? तुमी लिवलं त बराबरच असन." आणि तो शिडीवरून खाली उतरला.

अकराच्या सुमाराला एक कड बसली. मोठा आवाजही झाला नाही. जेसीबी लावावा तर त्याचाच दात गाडल्या गेलेल्या कडूबाला लागायची भीती, म्हणून माणसांनी हातांनी, घमेल्यांनी माती उपसली. पाऊण तास लागला. त्याच्या तोंडात माती होती.

त्याची बायको रुख्मिणी आली, तेव्हा तिने रडण्याआधी धम्मशीलाला एकच विचारलं. "मॅडम, तुमाले मालूम व्हतं?"

"हो," धम्मशीला म्हणाली.

चौकशीतही हाच प्रश्न आला. धोका माहीत होता? हो. नाव तुमचं? अक्षर तुमचं? हो, हो. बंद कुणी केली?

"लिहिलं मी, पण सरांनी सांगितलं म्हणून..."

"ते कुठे लिहिलंय?" अधिकाऱ्याने माझी सगळी पानं चाळली. सर खिडकीतून बाहेर बघत होते. मला सगळं ठाऊक होतं. पण माझ्यावर उमटलं नाही, ते घडलंच नाही, असा माझा जन्म. तिला वाचवायला मी होते, आणि तिच्याविरुद्ध पुरावाही मीच झाले.

तिची नोकरी गेली, गुन्हा दाखल झाला. तिचं सामान न्यायला वडील आले, भाऊराव. दारातच हात जोडून म्हणाले, "साहेब, माह्या पोरीनं काईच लपवलं नाई हो."

"तीच तर अडचण आहे, काका," सर म्हणाले. "तिने सगळं लिहून ठेवलं."

माझी लिहिलेली पानं फाडून चौकशीच्या फायलीला लावली. उरलेली कोरी. कोरा कागद वाया कशाला घालवायचा? त्याच खोलीत, त्याच टेबलावर आता पुढच्या गावच्या टाकीचं काम आलंय आणि मला योगिनीच्या हाती दिलंय. तीही पट्टी घेऊन रकाने आखते. अक्षर हिचंही छान आहे.

बाई गं, माझ्या या पानावर बोट फिरव. शाई नाही, पण वळ आहे. दाबून लिहिलेल्या दोन अक्षरांचे खड्डे तुझ्या बोटाला लागतील. एवढंच माझं मागणं आहे.

पहिली जोखीम तिने लिहिली: चाळीस फुटांवर बांबूंचा परांचा, सुरक्षापट्ट्याशिवाय माणसं. जबाबदाराच्या रकान्याशी तिचं पेन थांबलं. तिने समोर बघितलं. सर चहा पीत होते.

तिने मान खाली घातली आणि त्या वळावरूनच स्वतःचं नाव लिहायला घेतलं.